हरवलेली किल्ली : संगणकावरील प्रशासकाचा अधिकार कसा जातो व कसा परत मिळतो

दिल्लीतील कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा एक सरळ, रुंद रस्ता आहे. पूर्वी त्यास कर्झन रोड म्हणत. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग ह्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातून राजधानीत कामानिमित्त येणाऱ्या मनुष्यास हा रस्ता अपरिचित नसतो, कारण २०१३ साली उघडण्यात आलेले नवे महाराष्ट्र सदन ह्याच मार्गावर आहे. ग्रंथालये, शिक्षणसंस्था, वृत्तपत्रांची आणि व्यापारी मंडळांची कार्यालये ह्यांची येथे रांगच लागली आहे. ह्या मार्गाजवळच्या हेली रोडवर, उंच इमारतींच्या आड, अग्रसेनची बावडी नावाची एक मध्ययुगीन पायऱ्यांची विहीर अजून उभी आहे. ती सुमारे ६० मीटर लांब व १५ मीटर रुंद असून तीत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. पाणी वर असे तेव्हा खालच्या पायऱ्या बुडालेल्या असत आणि त्यांची कोणास आठवणही होत नसे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले म्हणजे मात्र त्याच पायऱ्या उपयोगी पडत. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. ही बावडी बांधणाऱ्यांनी तर टंचाईच्या दिवसांतल्या पायऱ्याही आधीच बांधून ठेवल्या होत्या.

ह्या मार्गावरील कार्यालयांतच काय, पण कोणत्याही तालुक्याच्या गावच्या शाळेत किंवा वाचनालयातही पूर्वीच्या दप्तरांची आणि नोंदवह्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. दप्तराच्या कपाटाला कुलूप असे, तसे संगणकालाही असते. कपाटाची किल्ली हरवली तर लोहार बोलावता येत असे. संगणकाची किल्ली हरवली तर काय करावे, हा आजच्या पुस्तिकेचा विषय आहे. ज्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली चालते, त्यांच्यापुरताच विचार येथे केला आहे.

सदस्य आणि प्रशासक

एक उदाहरण घेऊ. एका शाळेच्या कार्यालयातील लेखनिक निवृत्त होतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या लेखनिकास संगणक उघडता येतो, जुनी पत्रे वाचता येतात आणि नवी लिहिताही येतात. परंतु नवा छापयंत्र जोडावयास जाताच पडद्यावर एक चौकट उमटते आणि प्रशासकाचा परवलीचा शब्द मागते. तो शब्द निवृत्त गृहस्थांना आठवत नाही, आणि शाळेत दुसऱ्या कोणास तो कधी सांगितलेलाच नसतो. यंत्र शाळेचे, वीज शाळेची, माहितीही शाळेची. पण त्या यंत्रावर शाळेचा अधिकार उरलेला नाही, अशी ही विचित्र अवस्था होय.

ही अवस्था समजण्यासाठी विंडोजमधील खात्यांची व्यवस्था पाहावयास हवी. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी ह्या आवृत्तीपासून संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते, आणि खात्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिला वर्ग साध्या सदस्यांचा. सदस्यास आपले काम करता येते, पण संगणकाची घडण बदलता येत नाही. दुसरा वर्ग प्रशासकांचा. नव्या आज्ञावली बसविणे, इतरांची खाती उघडणे वा बंद करणे, कोणास काय दिसावे हे ठरविणे, हे सर्व अधिकार प्रशासकाकडे असतात. वाचनालयाच्या वाचकास कपाटातील पुस्तक मागता येते. कपाटे कोठे ठेवावी हे मात्र ग्रंथपाल ठरवितो. हा भेद तसाच आहे.

हा भेद गैरसोयीसाठी केलेला नाही. एखादी घातक आज्ञावली चुकून चालू झाली, तर ती चालविणाऱ्याच्या हाती जेवढे अधिकार असतील तेवढेच तिलाही मिळतात. म्हणून २००७ साली सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या व्हिस्टा ह्या आवृत्तीपासून प्रशासकालाही रोजच्या कामात साध्या सदस्याच्याच अधिकारांनी वावरावे लागते. मोठा बदल करण्याची वेळ आली म्हणजे संगणक थांबतो व प्रशासकाची संमती विचारतो. सदस्यास तो कोणा तरी प्रशासकाचा परवलीचा शब्द विचारतो. आमच्या शाळेतील नवा लेखनिक ह्याच प्रश्नापाशी अडला आहे.

संगणक माणसाला कसा ओळखतो

परवलीचा शब्द हा प्रयोग आपल्या भाषेत पहारेकऱ्यांच्या जगातून आला. रात्रीच्या अंधारात चेहरा दिसत नाही. ठरलेला शब्द जो सांगेल तो आपला, असे पहारेकरी मानी. संगणकालाही चेहरा ओळखण्याची सोय आरंभी नव्हतीच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत सिद्ध झाली, आणि प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून तीत परवलीच्या शब्दाची योजना आली. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या एका विद्यार्थ्याला, वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने सर्वांच्या शब्दांची यादीच संगणकाकडून छापून घेतली. कुलूप मजबूत होते, पण किल्ल्या उघड्या फडताळात टांगलेल्या होत्या.

ह्या दोषावर एक सुंदर उपाय निघाला. केंब्रिज विद्यापीठातील रॉजर नीडहॅम ह्यांनी १९६० च्या दशकात असे सुचविले की, संगणकाने शब्द साठवूच नये. त्या शब्दापासून ठरावीक गणिती क्रियेने तयार होणारा एक ठसा तेवढा साठवावा. ही क्रिया एकाच दिशेने सोपी असते. गहू दळून पीठ करता येते, पिठापासून पुन्हा गहू करता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. आपण शब्द टंकित केला की संगणक त्याचे पीठ करतो आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. दोन्ही जुळली तर दार उघडते.

विंडोजही ह्याच रीतीने चालते. संगणकावरील खात्यांची नोंद सॅम नावाच्या एका धारिकेत असते आणि तीत परवलीच्या शब्दांचे हे ठसे असतात. ह्या ठशास हॅश म्हणतात. म्हणून विसरलेला शब्द संगणकाने सांगावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. तो शब्द संगणकालाही ठाऊक नसतो. पुनःप्राप्ती म्हणजे जुना शब्द शोधणे नव्हे, तर जुन्याच्या जागी नवा ठेवण्याचा अधिकार सिद्ध करणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संगणक खात्याला नावाने नव्हे, तर एका लांबलचक क्रमांकाने ओळखतो. प्रत्येक विंडोज संगणकात जन्मापासून असलेल्या मूळ प्रशासकाच्या क्रमांकाचा शेवट नेहमी ५०० ह्या अंकांनी होतो. पाहुण्याच्या खात्याचा ५०१ ने, तर आपण पुढे उघडलेल्या खात्यांचे शेवटचे अंक १००० च्या पुढील असतात. नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. उलट, खाते पुसून त्याच नावाचे दुसरे उघडले तर क्रमांक नवा पडतो आणि संगणकाच्या दृष्टीने तो मनुष्यच निराळा ठरतो. अधिकार परत मिळविण्याच्या घाईत जुने खाते पुसून टाकणारे येथेच फसतात.

अधिकार जातो कसा

वैद्य औषध देण्यापूर्वी रोगाचे निदान करतो. येथेही 'अधिकार गेला' ह्या एकाच तक्रारीमागे निरनिराळी कारणे असतात.

पहिले कारण अगदी क्षुल्लक असू शकते. शब्द बरोबर असतो, पण मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहते, किंवा कळफलक मराठीवर असतो. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्या कार्यालयांत हे सहज घडते. हाताखालच्या कळा त्याच, पण उमटणारी अक्षरे निराळी. प्रवेशाच्या पडद्याच्या कोपऱ्यात चालू कळफलकाची खूण दिसते, ती आधी पाहावी.

दुसरे कारण म्हणजे शब्द खरोखरच विस्मरणात जाणे. तिसरे कारण अधिक चमत्कारिक असते. शब्द आठवत असतो, पण खात्याचा वर्ग बदललेला असतो. सुरक्षिततेच्या सदिच्छेने कोणी आपल्याच खात्याला प्रशासकांच्या गटातून काढून साध्या सदस्यांत घालतो, आणि गटात दुसरे कोणी उरलेले नसते. मग संमतीची चौकट उमटते, परंतु शब्द लिहिण्यास जागाच नसते व होकाराची कळ फिकी पडलेली दिसते. प्रश्न विचारला आहे, पण उत्तर देण्यास योग्य असा मनुष्यच त्या संगणकात नाही, असा त्याचा अर्थ.

चौथे कारण असे की तो अधिकार आपला कधी नव्हताच. संगणक एखाद्या मोठ्या संस्थेच्या जाळ्याला जोडलेला असेल तर प्रशासक त्या संस्थेत बसलेला असतो. अशा वेळी पुनःप्राप्तीचा विचार करणेच चुकीचे; त्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

सरळ मार्ग

निदान झाल्यावर उपाय साध्यापासून कठीणाकडे ह्या क्रमाने करावेत.

त्याच संगणकावर दुसऱ्या कोणाचे प्रशासक खाते असेल तर अडचण जवळजवळ संपली. त्या खात्याने प्रवेश करून पहिल्याचा शब्द बदलता येतो किंवा त्याला प्रशासकांच्या गटात परत घेता येते. येथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्याने शब्द बदलला, म्हणजे मूळ माणसाने विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या धारिका आणि साठवून ठेवलेले इतर परवलीचे शब्द वाचता येईनासे होतात, कारण त्यांची कुलपे जुन्या शब्दावर आधारलेली असतात. जुना शब्द पुढे आठवला तर ती पुन्हा उघडू शकतात. म्हणून आठवण्याचा प्रयत्न आधी, बदल नंतर.

खाते मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यावरील खाते असेल, तर दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन नवा शब्द ठरविता येतो. मात्र नोंदविलेला दूरध्वनी क्रमांक किंवा ई-टपालाचा पत्ता आपल्या हाती असावा लागतो. निवृत्त झालेल्या मनुष्याचा खाजगी क्रमांक तेथे नोंदविलेला असेल, तर ओळखीची खूण त्याच्याच घरी जाते.

खाते केवळ त्या संगणकापुरते असेल, तर २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये आणि त्यापुढे तीन सुरक्षा-प्रश्नांची सोय आहे. खाते उघडताना ते भरलेले असतील, तर चुकीचा शब्द दिल्यावर पडद्यावर नवा शब्द ठरविण्याचा मार्ग दिसतो. ह्याखेरीज छोट्या पेनड्राइव्हवर शब्द बदलण्याची धारिका करून ठेवण्याची जुनी सोयही आहे. ती एकदा करून ठेवली की नंतर शब्द कितीही वेळा बदलला तरी चालते. पण ती शब्द आठवत असतानाच करावी लागते.

मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१५ साली एक निराळी योजना उपलब्ध केली आणि २०२३ पासून ती विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. तीत प्रत्येक संगणकाच्या प्रशासकाचा परवलीचा शब्द आपोआप निराळा ठरतो, ठरावीक काळाने बदलतो, आणि संस्थेच्या मध्यवर्ती नोंदीत सुरक्षित राहतो. कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर काही अवलंबून राहत नाही.

राहिला तो जन्मजात मूळ प्रशासक. २००१ साली आलेल्या एक्स्पी आवृत्तीच्या घरगुती प्रकारात, संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू केला म्हणजे ह्या खात्याने आत जाता येई, आणि पुष्कळदा त्याला परवलीचा शब्दच नसे. ही सोय होती, तशीच ती उघडी खिडकीही होती. व्हिस्टापासून हे खाते मुळातच बंद ठेवण्यात येऊ लागले. तरीही त्या रचनेत एक आपद्धर्म राखला होता. संस्थेच्या जाळ्यात नसलेल्या संगणकावर एकही चालू प्रशासक उरला नसेल, तरच सुरक्षित अवस्थेत हे बंद खाते दार उघडून देई. वर सांगितलेल्या तिसऱ्या कारणासाठीच हा अपवाद होता.

हे सर्व मार्ग खुंटले तर विंडोज नव्याने बसविणे एवढेच उरते. त्याने यंत्र परत मिळते. आज्ञावली जातात आणि माहिती राहीलच असे नाही. म्हणून तबकडीवरील माहिती वाचता येत असेल तर तिची प्रत आधी दुसरीकडे काढून घ्यावी.

हिरकणीचा कडा

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपल्या शाळांतून सर्वांना ठाऊक असते. दूध घालण्यास गडावर गेलेल्या त्या गवळणीला परतण्यास उशीर झाला, सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद झाले, आणि पहारेकऱ्यांनी नियम मोडण्यास नकार दिला. घरी तान्हे मूल होते. ती अंधारात उभा कडा उतरून घरी गेली. शिवाजी महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला, आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. गौरव आणि बुरूज ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का केल्या, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्या वाटेने आई उतरू शकते, त्या वाटेने शत्रू चढू शकतो.

विंडोजच्या गडालाही असा एक कडा होता. सॅम धारिकेवर विंडोज कडक पहारा ठेवते. पण तो पहारा विंडोज चालू असेपर्यंतच. संगणक दुसऱ्याच एखाद्या कार्यप्रणालीने सुरू केला, किंवा तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, म्हणजे पहारेकरी झोपलेला असतो आणि धारिका कोणत्याही इतर धारिकेसारखी उघडी पडते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेटर नॉर्डाल-हागेन ह्यांनी ह्याच तत्त्वावर एका फ्लॉपीवर मावणारी आज्ञावली तयार केली. ती ठसा वाचण्याच्या भानगडीत पडत नसे. जुना ठसा पुसून जागा कोरी करी. अडलेल्या असंख्य लोकांना तिचा उपयोग झाला. पण चोरलेला संगणक उघडणाऱ्यालाही तीच वाट मोकळी होती. आज्ञावलीला हात कोणाचा आहे हे कळत नाही.

म्हणून ह्या कड्यावरही बुरूज बांधण्यात आला. त्याचे नाव बिटलॉकर. व्हिस्टाबरोबर आलेली ही सोय एखाद्या दालनाला नव्हे, तर सबंध तबकडीला कूटबद्ध करते. अशी तबकडी दुसऱ्या यंत्रास जोडली तर तीत अर्थहीन अक्षरांखेरीज काही दिसत नाही. पुसण्याजोगा ठसाही सापडत नाही. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने सिद्ध केलेल्या बहुतेक संगणकांत हे कूटलेखन आपोआप चालू होते. अनेकांना आपल्या संगणकाला असे कुलूप आहे हे कळतही नाही.

येथे कायद्याचीही नोंद घ्यावयास हवी. मालकाच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्याला आपला अधिकार परत हवा आहे त्याने यंत्र आपले असल्याचे दाखविता आले पाहिजे.

अठ्ठेचाळीस अंक

बिटलॉकरच्या बुरुजाला मालकासाठी एक दिंडी ठेवलेली असते. ती म्हणजे ४८ अंकांची पुनःप्राप्ती-किल्ली. हे अंक सहा-सहांच्या आठ गटांत लिहिलेले असतात. प्रत्येक गट ही एक संख्या असून तिला ११ ने निःशेष भाग जातो. हे शाळकरी गणिताने पडताळून पाहता येते. १३५७९५ हा गट घ्या. त्याचे अंक आलटून पालटून अधिक व उणे करा : १ − ३ + ५ − ७ + ९ − ५ = ०. बेरीज शून्य आली, म्हणजे ११ ने भाग जातो. आता शेवटचा ५ चुकून ८ लिहिला असे समजा. बेरीज −३ येईल आणि चूक तत्काळ उघडी पडेल. शेजारचे दोन भिन्न अंक परस्परांच्या जागी पडले तरीही हीच कसोटी ती चूक पकडते. अडचणीच्या घाईत ४८ अंक टंकित करणाऱ्याचा हात चुकणारच, हे ओळखून ही योजना केलेली आहे.

ही किल्ली केवळ अंदाजाने शोधता येईल काय? प्रत्येक गटाला ११ ने भागल्यावर ० ते ६५५३५ ह्यांमधील एक संख्या मिळते. म्हणजे एका गटात ६५५३६ पर्याय. असे आठ गट असल्याने एकंदर पर्याय ३४ ह्या आकड्यावर ३७ शून्ये दिली असता येणाऱ्या संख्येइतके होतात. सेकंदाला एक लाख कोटी पर्याय तपासणारे यंत्र आहे अशी कल्पना केली, तरी सर्व पर्याय संपविण्यास विश्वाच्या आजवरच्या वयाच्या पंचाहत्तर कोटींहून अधिक पट काळ लागेल. येथे लोहाराचा उपयोग नाही. किल्ली जपून ठेवलेली असेल तर दार उघडेल. नसेल तर ती माहिती गेली असे समजावे.

ही किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, संस्थेच्या मध्यवर्ती नोंदीत, पेनड्राइव्हवर किंवा छापलेल्या कागदावर असू शकते. संगणकाला बुद्धिमान म्हणणाऱ्या ह्या युगात, तिजोरीत ठेवलेला एक साधा कागद सबंध कार्यालय वाचवितो, ही गोष्ट चिंतनीय आहे.

एकाच माणसाच्या मनात

यंत्राची रचना कितीही चांगली असली तरी किल्ली कोणाकडे असावी हा प्रश्न माणसांचा असतो. जुलै २००८ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराला ह्याचा कठोर अनुभव आला. नगरपालिकेच्या सबंध संगणक-जाळ्याचे परवलीचे शब्द टेरी चाइल्ड्स ह्या एकाच अभियंत्यापाशी होते. वरिष्ठ त्यांचा योग्य उपयोग करणार नाहीत अशा समजुतीने त्याने ते देण्याचे नाकारले. त्याला अटक झाली तरी शब्द मिळाले नाहीत. सुमारे बारा दिवसांनी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात भेटावयास गेले, तेव्हा त्याने ते त्यांच्या स्वाधीन केले. ह्या सर्व काळात जाळे चालू होते. केवळ त्यावर शहराची सत्ता नव्हती. २०१० साली चाइल्ड्सला चार वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा एकाला झाली, पण सर्व किल्ल्या एकाच हाती राहू देण्याची चूक त्याच्या एकट्याची नव्हती.

दुसरा अनुभव आपल्याच राजधानीतला आहे. कस्तुरबा गांधी मार्गापासून काही मैल दक्षिणेस असलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २३ नोव्हेंबर २०२२ रोजी संगणक एकाएकी निकामी झाले. येथे विस्मरण नव्हते. बाहेरच्या कोणी तरी आत शिरून संस्थेची माहिती कूटबद्ध केली होती. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती ह्यांना बाधा झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. रुग्णांची नोंद, तपासण्यांचे अहवाल, दाखल करून घेणे ही कामे हाताने लिहून करावी लागली. ज्या कूटलेखनाने मालक आपले घर राखतो, त्याच कूटलेखनाने चोराने मालकालाच घराबाहेर ठेवले होते.

मग संस्था सावरली कशी? कोणी कुलूप तोडले नाही. बाधा न झालेल्या एका सर्व्हरवर माहितीची राखीव प्रत होती. तिच्यावरून नव्या यंत्रांवर माहिती परत आणण्यात आली, आणि सुमारे दोन आठवड्यांनी बहुतेक कामे पूर्ववत चालू झाली. त्या दोन आठवड्यांत रांगेत उभ्या असलेल्या रुग्णांना जो त्रास झाला तो मोठाच होता. राखीव प्रत नसती, तर तो किती वाढला असता ह्याची कल्पनाच केलेली बरी.

आधी बांधावयाच्या पायऱ्या

आता आपण आपल्या शाळेकडे परत येऊ. त्या नव्या लेखनिकापुढील अडचण सोडविणारे जे जे मार्ग आपण पाहिले, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक मार्ग अडचण येण्यापूर्वी कोणी तरी सिद्ध करून ठेवावा लागतो. दुसरा प्रशासक आधी नेमावा लागतो. सुरक्षा-प्रश्न आधी भरावे लागतात. पुनःप्राप्ती-किल्ली आधी छापून घ्यावी लागते. राखीव प्रत तर आधीच काढलेली असली पाहिजे. जे मार्ग ऐन वेळी कोणालाही सापडतील, ते चोरालाही सापडतात, आणि म्हणून कार्यप्रणालीचे कर्ते ते एकेक करून बंद करीत आले आहेत. संगणक जसजसे अधिक सुरक्षित होत जातील, तसतशी विसराळू मालकाला मिळणारी सवलत कमी होत जाईल. ह्यात निर्दयता नाही; मालक कोण हे यंत्राला दुसऱ्या रीतीने कळत नाही, एवढेच.

सुदैवाने ह्या पायऱ्या बांधण्यास फार खर्च येत नाही. प्रत्येक संगणकावर रोजच्या कामासाठी साधे सदस्य खाते असावे, आणि त्याशिवाय दोन प्रशासक खाती असावीत. त्यांचे शब्द दोन निराळ्या जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावेत. ते शब्द आणि बिटलॉकरचे ४८ अंक कागदावर लिहून, तो कागद मोहोरबंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रंथपालांच्या तिजोरीत ठेवावा. पाकिटावर तारीख घालावी आणि शब्द बदलला की कागदही बदलावा. संस्थेच्या संगणकाला कोणाचे खाजगी खाते जोडू नये. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत अशा तबकडीवर काढावी, जी काम संपताच संगणकापासून वेगळी केली जाते. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कोणी बदलून गेला वा निवृत्त झाला, तर कपाटाच्या किल्ल्यांबरोबर संगणकाच्या किल्ल्यांचाही कार्यभार लेखी स्वरूपात सोपवून घ्यावा, आणि त्या माणसाच्या समक्ष त्या एकदा चालवून पाहाव्यात.

ज्यांच्याकडे संगणक आहे अशा वाचकांनी आज घरी गेल्यावर एवढे अवश्य करून पाहावे. आपल्या तबकडीला कूटलेखन आहे काय, आणि असल्यास तिची किल्ली कोठे आहे, हे शोधून काढावे. ती सापडल्यास तिच्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो काय हे कागदावर ताडून पाहावे, आणि मग तो कागद जपून ठेवावा. बावडीच्या खालच्या पायऱ्या आज पाण्याखाली असतील; पण उन्हाळा येतोच.